परत ट्रॅकवर का गेलो

आज सकाळी पावणेआठला पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एक पोरगा स्कूटरवरून पडला. माझ्यापुढे पन्नास-साठ फुटांवर. एका कारने कट मारला, पोराने घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी त्याच्या खालून निघून गेली. मी माझी बाइक त्याच्या मागे आडवी लावली, इंडिकेटर चालू केला आणि धावलो. तोवर पंधरा-वीस माणसं थांबली होती. थांबली आणि मोबाइल काढले. एक जण त्याचं हेल्मेट ओढून काढायला लागला, दुसरा बाटली उघडून पाणी पाजायला आला. मला अक्षरशः ओरडावं लागलं, की मान हलवू नका, पाणी देऊ नका, १०८ ला फोन करा.

घरी आलो तेव्हा शर्टच्या बाहीला रक्त होतं. सोसायटीच्या ग्रुपवर एवढंच लिहिलं, की पोरांना सांगा, हेल्मेटचा पट्टा लावत जा, आज एक पोरगा त्या पट्ट्यामुळे वाचला. त्यावर एका ज्येष्ठ गृहस्थांचा मेसेज आला, "तुमच्यासारखे रेस करणारेच पोरांना ही सवय लावतात. एकदा हाड मोडून घेतलंत, आता बाप झालात, तरी परत ट्रॅकवर जाता. आम्हाला काय शिकवता?" खाली सात अंगठे. त्यातले दोन माझ्या रोजच्या बसण्या-उठण्यातल्या माणसांचे.

ग्रुपवर भांडलो नाही. इथे लिहितोय, कारण इथली तुम्ही माणसं मला ओळखता.

२०१९ साली चेन्नईच्या ट्रॅकवर मी पडलो. आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात, आम्ही जुने लोक अजून एमएमआरटीच म्हणतो, म्हणजे मद्रास मोटर रेस ट्रॅक. इरुंगट्टुकोट्टईला आहे, ३.७ किलोमीटरचा, बारा वळणांचा. दुसराच लॅप होता, म्हणजे ट्रॅकची दुसरीच फेरी. हा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, उजवी वळणं जास्त, त्यामुळे टायरची उजवी बाजू लवकर तापते आणि डावी थंड राहते, म्हणून तिची पकड कमी. हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना सांगायचो मी. आणि तरी डाव्या वळणावर गाडी झोपवली आणि पुढचं चाक निसटलं. पुढचं आठवतं ते आकाश, मग वाळू, मग परत आकाश. डावं कॉलरबोन दोन ठिकाणी मोडलं.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. मी थांबलो तेव्हा पिवळा झेंडा फडकायला लागलाही होता, म्हणजे मागून येणाऱ्या प्रत्येकाला कळलं होतं, की पुढे माणूस पडलाय, ओव्हरटेक करायचं नाही, जपून या. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन उभे असतात त्या मार्शलांपैकी दोघे माझ्याकडे धावत आले. त्यातला एक, पन्नाशीचा, पांढऱ्या मिशांचा, वाळूत गुडघे टेकून बसला. त्याने माझं हेल्मेट दोन्ही तळव्यांत धरलं, घट्ट, मान हलू नये म्हणून. मग ऊन सरळ माझ्या डोळ्यांत येतंय हे त्याच्या लक्षात आलं, तर दुसऱ्याला खूण करून त्याने एक झेंडा मागवला आणि त्याची घडी माझ्या चेहऱ्यावर धरायला लावली. सावलीसाठी. आणि तो एकच शब्द परत परत म्हणत होता, "ओन्नुमिल्ल, ओन्नुमिल्ल." मला तमिळचा गंध नाही. हॉस्पिटलमध्ये नर्सला विचारलं तेव्हा कळलं, की याचा अर्थ "काही नाही झालं."

त्या माणसाचं नावही मला माहीत नाही. तो मला ओळखत नव्हता, मी कुठल्या गावचा हे त्याला माहीत नव्हतं. दिवसभर उन्हात उभं राहायचं आणि कुणी पडलं तर धावायचं, एवढंच त्याचं काम.

मग प्लेट, सहा स्क्रू, मग लॉकडाउन, मग २०२१ मध्ये मुलगी झाली. लेदर सूट माळ्यावर गेला. आईने त्यात डांबरगोळ्या घालून, वर जुनी चादर गुंडाळून ठेवला होता. तिच्या मनात तो परत खाली यायचा नव्हता, पण कसर लागू नये याची काळजी मात्र तिने घेतली. गेल्या महिन्यात मी तो उतरवला तेव्हा ती काही बोलली नाही. आत गेली आणि देवापाशी बसली. हो, घरच्यांच्या जिवाला घोर लागतो. ते मी कबूल करतो. त्याची भरपाई मी कशानेच करू शकत नाही.

ग्रुपवरच्या त्या काकांना वाटतं, रेस म्हणजे सुसाट सुटायचं. काका, ट्रॅकवर उतरण्याआधी माझी गाडी तपासली जाते. आरसे, दिव्यांच्या काचा काढायच्या किंवा टेप मारून बंद करायच्या. इंजिन ऑइलच्या बोल्टला भोक पाडून त्यातून तार ओवून पीळ मारायचा, कारण तो बोल्ट सुटला तर तेल मागच्याच्या चाकाखाली जातं. कूलंट काढून साधं पाणी भरायचं, कारण सांडलेलं कूलंट निसरडं असतं आणि मागून येणारा पडतो. यातलं बरंचसं माझ्यासाठी नाहीच. मागच्यासाठी आहे. तुमच्या-माझ्या रस्त्यावर मागच्याचा विचार कोण करतं? कात्रजच्या नवीन बोगद्यातून खाली नवले पुलाकडे येताना उतारावर न्यूट्रल टाकून डिझेल वाचवणारे ट्रक कुणाचा विचार करतात? २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली. ते सगळे काय रेस करत होते?

चाकणला बनलेल्या केटीएम जगभर जातात. माझी आरसी ३९० चाकणचीच. ती पळवायला मी टेम्पोत घालून जवळपास १२०० किलोमीटर चेन्नईला नेतो, कारण राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या आम्ही वर्षानुवर्षं चेन्नई आणि कोइमतूरलाच जाऊन केल्या. ज्या पोराकडे टेम्पोचे पैसे नाहीत, तो रविवारी पहाटे ताम्हिणी घाटात जातो. समोरून एसटी येते, वळणावर शेण असतं, वाळू असते आणि झेंडा दाखवायला कुणी नसतं. मला त्या पोरांचा राग येतो, आणि मी त्यांच्यातलाच होतो हेही आहे. कॉलेजात असताना मी तेच केलं. मला त्यातून बाहेर काढलं ते ट्रॅकने.

ट्रॅकवरही माणसं जातात. २०२३ च्या ऑगस्टमध्ये याच चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचा एक मुलगा गेला. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

गेल्या महिन्यातलं सांगतो. सहा वर्षांनी पहिलं सेशन. त्या डाव्या वळणाच्या अलीकडे माझा हात आपोआप थ्रॉटल सोडत होता. मी ठरवायचो, या लॅपला नाही सोडायचा, आणि हात सोडायचा. सगळे बाहेरून मला ओलांडून जात होते. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे, हेल्मेट काढलं तेव्हा हात थरथरत होते, बाटलीचं झाकण उघडेना. माझ्या जुन्या मेकॅनिकने ते उघडून दिलं आणि विचारलं, "तिथे बघतोस कुठे?" मी खरं सांगितलं. जिथे पडलो त्या वाळूकडे बघत होतो. बाइकचा नियम साधा आहे, जिथे बघाल तिथे जाते. तो म्हणाला, "वाळूकडे नको बघूस. पलीकडे मार्शल उभा असतो ना, त्याच्याकडे बघ."

तिसऱ्या सेशनला मी त्याच्याकडे बघितलं. हातात झेंडा गुंडाळून एक पोरगेलासा मार्शल उभा होता, आणि गाडी वळली. आपसूक. थ्रॉटल उघडला, मागचं चाक जमिनीला चिकटून राहिलं, आणि मी हेल्मेटच्या आत मोठ्याने रडत होतो. माझ्या जुन्या वेळेपेक्षा नऊ सेकंद मागे होतो. चालेल.

जेवणाच्या सुट्टीत त्या पांढऱ्या मिशीवाल्याला शोधत फिरलो. वर्णन सांगितलं, २०१९ सांगितलं. कुणाला आठवेना. मार्शल बदलत राहतात. त्या पोरगेल्या मार्शलला मात्र मी दोन्ही हात धरून थँक्यू म्हटलं. का ते त्याला कळलं नसणार.

काका, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमच्या घरातलं कुणीतरी वाचेल. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर खटला होत नाही, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. तेव्हा पोलिसांचं लफडं नको म्हणून लांब उभे राहिलो, हे कारण आता सांगू नका. सकाळी त्या पंधरा-वीस जणांत आपल्याच सोसायटीचा एक होता. त्याचं नाव लिहिणार नाही. त्याने अंगठा दिलाय.

लिहिता लिहिता चिडलो, माफ करा.

सकाळी त्या पोराच्या डोक्याशी गुडघे टेकून बसलो होतो, हेल्मेट दोन्ही हातांत धरून. ऊन तोंडावर येत होतं, म्हणून एका भाजीवाल्या मावशींना म्हटलं, पदर धरा, आणि त्यांनी धरला, अॅम्ब्युलन्स येईपर्यंत धरला. पोरगा लातूरचा, इथे डिलिव्हरीचं काम करतो. "दादा, गाडी हप्त्यावर आहे," एवढंच म्हणत होता. त्याला धीर द्यायला मी तोंड उघडलं आणि मराठी शब्दच येईना. मी म्हणत होतो, "ओन्नुमिल्ल, ओन्नुमिल्ल."

आत्ता त्याच्या भावाचा फोन आला होता. मांडीचं हाड मोडलंय, उद्या ऑपरेशन आहे, डोक्याला काही नाही. शुद्धीत आहे आणि चहा मागतोय.