दादा, चूक झाली, पण ब्लेड नवीनच होतं

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू वाचला, एक स्टार दिलाय. तुम्ही लिहिलंय की हरतालिकेच्या दिवशी आमच्याकडे दाढी केली, 150 रुपये दिले, दुसऱ्या दिवशी आरतीला उभे राहिलात तर मान लाल आणि गौरी येईपर्यंत पुटकुळ्या, पाहुणे विचारायला लागले काय झालं म्हणून. पुढं लिहिलंय की पुण्यात 2 वर्षं इलेक्ट्रिक शेवर वापरताय, कधी असं झालं नाही, आजच्या काळात वस्तरा कोण वापरतं, दुकानात साधा शेवर नाही, वर ब्लेड जुनं, उघड्या कागदातनं काढलेलं. आमच्या पोरानं मोबाईलवर वाचून दाखवलं, मी बोलतोय आणि तो टाईप करतोय, त्यामुळं जरा लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी आमची चूक. आमच्या धंद्यात श्रावण म्हणजे उपास आणि श्रावण संपला की पंगत, महिनाभर ठेवलेल्या दाढ्या अमावस्येपासून गणपती बसेपर्यंत सगळ्या एकदम येतात. त्या दिवशी बाकावर 11 जण होते. मी शेजारच्या खुर्चीवर फळी टाकून एका चार वर्षांच्या पोराचे केस कापत होतो, ते रडून रडून मान हलवत होतं, आणि आरशात मला दिसलं की कारागिरानं तुमच्या घाटीखाली उलटा हात घातला, म्हणजे केसाच्या दिशेविरुद्ध वस्तरा चालवला, तोपण फेस वाळलेला असताना. तेव्हाच त्याला थांबवायला पाहिजे होतं. नाही थांबवलं. बाकावरची माणसं दिसत होती, म्हणलं उरकतंय तर उरकू दे. आणि तुम्ही तुरटी लावल्यावर विचारलंत एवढी आग का होतीय, तर मी म्हणालो सवय नसेल. हे चुकीचं बोललो, गिऱ्हाईक आग होतीय म्हणतंय तर आधी गार टॉवेल द्यायचा असतो. त्याबद्दल माफी मागतो.

आता झालं काय ते सांगतो, कारण तुम्ही सगळं वस्तऱ्यावर ढकललंय. दाढी दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढते, महिन्याची म्हणजे एक सेंटीमीटरच्या आसपास. तुमच्या मानेवर डाव्या बाजूला भोवरा आहे, तिथं केस खालून वर वाढतात आणि कुरळे आहेत. अशा दाढीला आधी झीरो मशीन मारून खुंट ठेवायचे, मग कोरड्यावर बोट फिरवून केस कुठल्या दिशेनं आहे ते बघायचं, मग गरम टॉवेल दोन-तीन मिनिटं, कारण कोरडा केस तारेसारखा असतो, पाणी पिला की फुगतो आणि मऊ पडतो. मग ब्रशनं साबण, सुलटा हात, परत साबण, लागलाच तर आडवा हात, आणि मानेवर तिथंच थांबायचं. कारागिरानं झीरो मारली, टॉवेल नुसता टेकवून काढला, दुसरा साबण लावलाच नाही आणि डायरेक्ट उलटा. चामडी ताणून उलटा हात मारला की केस कातडीच्या खाली कापला जातो, हात एकदम गुळगुळीत लागतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण चामडी सोडली की तो केस आत जातो, आणि कुरळा असला तर बाहेर यायच्या ऐवजी आतल्या आत वळतो. तीच पुटकुळी, आमच्यात केसतोड म्हणतात. तीन-तीन पाच-पाच पात्यांच्या रेझरनंपण कुरळ्या केसाला हेच होतं, पहिलं पातं केस ओढतं, मागचं खाली कापतं.

तुमच्या शेवरनं हे होत नाही कारण जाळीतनं केस आत जातो, कातडी बाहेरच राहते. केस थोडासा वर शिल्लक राहतो, संध्याकाळी गालावर खरखर लागते ती त्याचीच, पण आत वळायचा धोका कमी. म्हणजे तुमच्या मानेला मशीनच बरं. हे मी सांगतोय, वस्तरा चालवून पोट भरणारा माणूस. फक्त त्या दिवशीची एक सेंटीमीटरची दाढी तुमच्या शेवरनं निघाली नसती, लांब केस आडवा पडतो, जाळीच्या भोकात शिरतच नाही, नुसता ओढला जातो. आधी ट्रिमर मारावाच लागला असता. आणि दोन वर्षं मशीनची सवय झालेल्या कातडीला एकदम वस्तरा लावला तर ती चिडते, उलट बाजूनंपण तसंच, नवीन शेवर घेतला की त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं कातडीला रुळायला दोन-तीन आठवडे द्या म्हणून. सवय नसेल म्हणलो ते यातनं आलं, पण वेळ चुकली.

आजच्या काळात कोण वस्तरा वापरतं म्हणालात त्यावर पोरगा हसला. त्यानं शोधून सांगितलं, मशीन अमेरिकेत शिक नावाच्या माणसानं 1931 साली विकायला काढलं, आणि तो फौजी होता, साताऱ्यात हे सांगायला बरं वाटतं. थंडीत पाण्याशिवाय दाढी व्हावी म्हणून त्याच्या डोक्यात आलं. फिलिप्सचं गोल डोक्याचं 1939 चं. आमचे वडील तेव्हा जन्मायचे होते. तर मशीन काय नवीन नाही आणि वस्तरा काय जुना नाही, दोन्ही चालू आहेत.

आता दुकानात शेवर का नाही. तुमचा शेवर तुमच्या एकट्याच्या तोंडाला लागतो. इथं रविवारी 40 तोंडं येतात. ती जाळी कातडीला घासून चालते, बारीक कोंडा, कधी रक्ताचा ठिपका आत जातो, आणि मधल्या पाच मिनिटांत खोलून नीट निर्जंतुक करणं होत नाही. ब कावीळचा, म्हणजे हिपॅटायटिस बीचा, विषाणू अंगाबाहेर कमीत कमी 7 दिवस जगतो. ब्लेड कसं, एक दाढी झाली की डब्यात, विषय संपला. ट्रिमर ठेवतो कारण तो केसावर चालतो, एवढा रगडून चालवावा लागत नाही, आणि त्याचं पातं काढून स्पिरिटनं पुसता येतं.

आणि आता ज्या गोष्टीनं मला खरं वाईट वाटलं ती. ब्लेड जुनं नव्हतं दादा. आमच्या वस्तऱ्याला अर्धं ब्लेड लागतं. कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं बसवायचं, उरलेलं अर्धं कागदातच राहतं आणि पुढच्या गिऱ्हाईकाला लागतं. तुम्ही बघितलंत तो उघडा कागद म्हणजे तुमच्या आधीच्या काकांच्या ब्लेडचा राहिलेला अर्धा भाग, त्याची धार कुणाच्याच तोंडाला लागलेली नव्हती. पण तुम्हाला हे कसं कळणार, फाटका कागद बघितला की कुणालापण तसंच वाटेल. तेव्हा गणपतीपासून आम्ही पद्धत बदलली, प्रत्येकाच्या समोर नवीन पाकीट फोडून ब्लेड मोडतो, उरलेलं अर्धं सरळ टाकतो. दोन-अडीच रुपये जास्त जातात, जाऊ देत.

जुनं ब्लेड वापरून आम्हाला फायदापण नाही. वडील धोकटी घेऊन गावात घरोघरी जायचे, एकच वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर परजून सगळ्यांच्या दाढ्या, आणि धार गेलेली त्यांना हातालाच कळायची, म्हणायचे ओढतंय. पुढं एड्सची भीती आली तेव्हा त्यांनी स्वतःच तो वस्तरा गुंडाळून ट्रंकेत ठेवला आणि अर्ध्या ब्लेडवाला आणला. पोरगा म्हणतो 2020 साली एमआयटीतल्या लोकांनी मायक्रोस्कोपखाली बघितलं, केस पोलादापेक्षा 50 पट मऊ असूनसुद्धा पात्याच्या कडेचे बारीक टवके काढतो. तर ओढणाऱ्या ब्लेडनं दाढी केली तर हात आमचाच दुखतो आणि गिऱ्हाईकपण परत येत नाही.

एक गंमत सांगतो, बाकी गिऱ्हाईकं वाचतायत तर वाचू देत. माझी स्वतःची दाढी मी मशीननं करतो. मला शुगर आहे, डॉक्टर म्हणाले कापून घेऊ नका, जखम लवकर भरत नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी आतल्या खोलीत करतो, कारण न्हाव्याच्या हातात शेवर दिसला की लोक तासभर चेष्टा करतात. सांगायचं एवढंच की मी मशीनच्या विरोधात नाही. कुणाचा केस सरळ असतो, कातडी जाड असते, त्याला वस्तऱ्याची दाढी झाली की दोन दिवस बघायला नको आणि गरम टॉवेलचं सुख वेगळंच. कुणाला नाही झेपत. खुर्चीत बसताना विचारून घ्यायचं काम आमचं, ते त्या दिवशी केलं नाही.

आता मानेचं. पुटकुळ्या आहेत तोवर ना वस्तरा ना शेवर, वाढू देत, ऑफिसात काय म्हणतील ते म्हणू देत. नखानं फोडू नका, डाग राहतो. रोज कोमट पाण्याचा कपडा ठेवा, आफ्टरशेव लावू नका. पू झाला किंवा गाठ दुखायला लागली तर स्किनच्या डॉक्टरला दाखवा, बिल मला पाठवा. पुढची दाढी मानेवर ट्रिमरनं एक मिलिमीटर ठेवूनच करा.

तुमचे 150 गल्ल्यात पाकिटात वेगळे ठेवलेत, घरचं कुणी इकडं आलं तर घेऊन जाऊ दे, नाहीतर नंबर पाठवा, लगेच टाकतो. कारागिराला काढलं नाही, हात चांगला आहे त्याचा, पण आता महिनाभर मानेचं काम मी स्वतः उभा राहून करून घेणार. स्टार वाढवा असं म्हणत नाही, एक स्टारचंच काम झालं होतं. फक्त ते ब्लेड जुनं होतं एवढं वाक्य काढलंत तर उपकार होतील, कारण बाकी सगळं खरं आहे आणि तेवढंच नाहीये. सोमवार बंद, बाकीचे दिवस सकाळी 7 पासून मी दुकानातच असतो.