दोनदा अडकलं म्हणून लॉजिक नाही? त्या फॉरवर्डला उत्तर

‘पालकांनो, वेळीच सावध व्हा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या शाळांच्या पालक-ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ठोकळे जोडायला शिकवतात ते खरं प्रोग्रामिंग नव्हे, त्याचा पुढे कुठेच उपयोग नाही. ज्याच्याकडे लॉजिक आहे ते मूल ट्युटोरियल बघून तासाभरात गेम बनवतं. दोनदा अडकलं तर त्याचा नाद सोडा. नव्या शैक्षणिक धोरणात पहिलीपासून कोडिंग सक्तीचं आहे. इंग्रजी माध्यम नसेल तर जमत नाही. आणि ठोकळ्यांची सवय लागली की मुलाला टाइप करून कोड लिहिता येत नाही. शेवटी मुलाची ‘लॉजिक टेस्ट’ करून घेण्यासाठी एक फोन नंबर.

माझ्या ताईने हा मेसेज वाचला आणि सहावीतल्या भाच्याचं स्क्रॅच, म्हणजे पडद्यावर ठोकळे जोडून गेम बनवायचं सॉफ्टवेअर, बंद केलं. फोनवर मला म्हणाली, ‘आमच्याला लॉजिकच नाही म्हणं रं, उगंच कशाला त्याला त्रास.’ पोरगं शेजारीच बसून ऐकत होतं. म्हणून हे लिहितोय, आणि चिडून लिहितोय.

सगळ्यात आधी तो ‘दोनदा अडकलं’चा मुद्दा, कारण बाकीचे नुसते चुकीचे आहेत, हा मुलाला इजा करणारा आहे.

भाच्याचा गेम साधा होता. वरून सफरचंद पडतं, खाली मांजर ते झेलतं, झेललं की गुण वाढतो. त्याचा गुण वाढतच नव्हता. व्हिडिओत दाखवलेले सगळे ठोकळे त्याच्याकडे होते. फक्त ‘जर सफरचंद मांजराला लागलं तर’ हा ठोकळा ‘सतत करत राहा’ या ठोकळ्याच्या पोटात न बसता त्याच्याबाहेर, वरच्या बाजूला जोडला गेला होता. हिरवा झेंडा, म्हणजे गेम सुरू करायचं बटण, दाबल्याबरोबर संगणकाने ती अट एकदा तपासली. तेव्हा सफरचंद वरच होतं. अट खोटी ठरली आणि तो भाग तिथेच संपला. नंतर सफरचंद मांजराच्या डोक्यावर पडलं तरी ते बघायला कुणी जागं नव्हतं. अट एकदाच तपासायची की सतत तपासत राहायची, हा प्रश्न त्या मुलासमोर आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. व्हिडिओतल्या माणसाने ठोकळा ओढून बसवला आणि तो पुढे गेला, का बसवला ते सांगितलंच नाही.

दुसरी अडचण तर त्याची नव्हतीच. व्हिडिओ स्क्रॅचच्या जुन्या, २.० आवृत्तीवर केलेला होता. जानेवारी २०१९ मध्ये ३.० आली आणि बऱ्याच गोष्टी हलल्या. चित्र दिसणारी जागा डावीकडून उजवीकडे गेली. पेनचे, म्हणजे रेघा काढायचे, ठोकळे मुख्य यादीतून निघाले. आता खाली डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबून ते वेगळे जोडून घ्यावे लागतात. व्हिडिओत ‘पेनवर क्लिक करा’ म्हणतात आणि मुलाच्या पडद्यावर पेनच नाही. मोठा माणूस असता तर व्हिडिओ जुना आहे म्हणाला असता. अकरा वर्षांचं मूल म्हणतं, मला येत नाही.

याशिवाय नवशिक्यांच्या ठरलेल्या अडचणी आहेत. मांजर कडेला आपटून परत फिरलं की उलटं, पाय वर करून चालतं. फिरण्याची पद्धत ‘फक्त डावी-उजवी’ अशी निवडली की सरळ होतं. कोड मांजराचा, पण निवडलेलं असतं सफरचंद, म्हणजे सगळे ठोकळे भलत्याच चित्राला चिकटतात. गेम संपताना एखादं चित्र लपवलं आणि सुरुवातीला ‘दिसू दे’ सांगायचं राहिलं, तर पुढच्या खेपेला ते गायबच. हे ज्याला एकदा तरी झालेलं नाही, असा स्क्रॅच शिकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

आणि गणिताचं काय? स्क्रॅचच्या पडद्यावर मधला बिंदू शून्य धरलेला असतो. आडवं अंतर उणे २४० ते २४०, उभं उणे १८० ते १८०. सफरचंद खाली आणायचं तर ‘वाय’मध्ये, म्हणजे उभ्या अंतरात, उणे ५ चा बदल करायचा. आपल्या राज्य मंडळाच्या गणितात पूर्णांक संख्या, म्हणजे उणे आकडे, सहावीत भेटतात आणि निर्देशक भूमिती नववीत. म्हणजे जे शाळेने नुकतंच शिकवलंय किंवा अजून शिकवलेलंच नाही तिथे मूल अडकतं आणि मेसेज म्हणतो, त्याला लॉजिक नाही. ज्याने हे लिहिलं त्याने एकाही मुलाशेजारी बसून हा गेम बनवलेला नाही, एवढं खात्रीने सांगतो.

आता ‘ठोकळ्यांचा उपयोग कुठेच नाही’ हे. मी कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशिनच्या ऑटोमेशनचं काम करतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्र्या आणि मशिन शॉपमध्ये पॅनेल उघडलं की आत पीएलसी, म्हणजे मशिन चालवणारा छोटा संगणक, बसलेला असतो, आणि तो चालतो बहुतेक ठिकाणी लॅडरवर. लॅडर म्हणजे पडद्यावर काढलेली शिडी: दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, त्यावर कॉन्टॅक्ट (अट) आणि कॉइल (अट खरी ठरली की जे चालू करायचं ते) यांची चिन्हं. चित्र काढूनच प्रोग्राम होतो. आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकात लॅडर ही रीतसर प्रोग्रामिंगची भाषा आहे. कोल्हापूरच्या पालकांना ‘चित्रातलं प्रोग्रामिंग कुठे वापरत नाहीत’ म्हणून सांगायचं, आणि तेही या गावात!

शिकाऊ पोरं तिथेही अडकतात. डिप्लोमा करून आलेला मुलगा एकच कॉइल दोन पायऱ्यांवर टाकतो. पहिल्या पायरीची अट खरी असते, तरी दिवा लागत नाही, कारण पीएलसी वरून खाली सगळ्या पायऱ्या वाचतो आणि शेवटची पायरी जे म्हणेल तेच टिकतं. गंमत म्हणजे भाच्याची अडचण पीएलसीत येत नाही. तिथे अख्खा प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला जातो, अट आपोआप सतत तपासली जाते. स्क्रॅचमध्ये ते स्वतः सांगावं लागतं. दोन्हीकडे शिकायची गोष्ट एकच: यंत्र काय, कधी आणि कितीदा वाचतं. त्या डिप्लोमावाल्या पोराला आम्ही ‘तुला लॉजिक नाही’ म्हणून घरी पाठवत नाही. पॅनेलसमोर उभं करून पायरी-पायरी बघायला लावतो.

ठोकळ्यांनंतर टाइप करता येत नाही, या मुद्द्याला हार्वर्ड विद्यापीठाचं उदाहरण पुरे. त्यांचा संगणकशास्त्राचा प्रसिद्ध पहिला अभ्यासक्रम, सीएस ५०, स्क्रॅचने सुरू होतो. विद्यापीठातली मुलं आधी ठोकळे जोडतात आणि लगेच पुढच्या आठवड्यात सी भाषेत टाइप करायला लागतात. अट, फेरा (तेच पुन्हा पुन्हा करणं), चल (गुणांसारखा बदलता आकडा) या कल्पना त्याच असतात, फक्त अर्धविराम आणि कंस नवे येतात. ही व्याख्यानं इंटरनेटवर फुकट आहेत, कुणीही पाहून खात्री करावी.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. ठोकळे शंभराच्या पुढे गेले की पडदा गजबजतो, एक चूक शोधायला वर-खाली सरकत बसावं लागतं, आणि मोठं काम करायचं तर कधीतरी टाइप करायला शिकावंच लागतं. नुसतं व्हिडिओ बघून जसंच्या तसं उतरवणारं मूलही फार काही शिकत नाही, हेही खरं. पण त्यावर उपाय साधा आहे. गेम चालला की त्यातला एक आकडा बदलायला सांगा, आणि झेंडा दाबण्याआधी काय होईल ते विचारा.

धोरणाचं तर सरळसरळ खोटं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०, परिच्छेद ४.२५: कोडिंगचे उपक्रम माध्यमिक पूर्व टप्प्यात, म्हणजे सहावी ते आठवीत. त्याआधी कोडी आणि खेळ. पहिलीचा उल्लेख नाही.

इंग्रजीचंही तसंच. स्क्रॅचचे ठोकळे सत्तरहून अधिक भाषांत मिळतात, आणि इंग्रजीत ठेवले तरी नेहमी लागणारे शब्द मूठभर आहेत. भाचा मराठी शाळेत आहे आणि ‘फॉरएव्हर’ (तोच ‘सतत करत राहा’चा ठोकळा) वाचायला तो कधीच अडखळला नाही.

राहिला तो टेस्टचा नंबर. स्क्रॅच फुकट आहे. कॉम्प्युटरवर किंवा टॅबवर एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवायही चालतं. फक्त मोबाईलच्या छोट्या पडद्यावर ठोकळे जुळवायला मुलाला बसवू नका, ते तिथे होत नाही. टेस्टला पैसे भरू नका. भरून बसला असाल, तर तो निकाल कृपा करून मुलाच्या कानावर घालू नका.