हाक मारणाऱ्याचे कष्ट

डिसेंबरात मिरजेला भाचीचं लग्न आहे. परवा आईने फोनवर सांगितलं, मुलाकडच्यांनी नाव सुचवलंय. "आडनाव नव्हे रे, नाव. ताटात तांदूळ पसरून अंगठीने लिहितात ते." भाची नको म्हणते, आई म्हणते एवढ्याने काय बिघडतं, आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर हेच चाललंय. मी चौदा वर्षं जर्मनीत, स्टुटगार्टला आहे, म्हणून मावशीने मला विचारलं, "तुमच्याकडे काय करतात?" चार ओळींत सांगता येईना, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं नाव मंदार. आजोबांच्या परसात पांढरी रुई होती, तिलाच मंदार म्हणतात आणि तिची फुलं गणपतीला वाहतात. नोकरीच्या पहिल्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा स्पॅनिश सहकारी माझं नाव ऐकून थबकला. त्याच्या भाषेत मंदार म्हणजे हुकूम सोडणं, आणि पाठवणंही. मी त्याला रुईचं फूल मोबाइलवर दाखवलं. मग त्यानेही त्याचं पूर्ण नाव सांगितलं: दोन आडनावं, एक वडिलांकडचं, एक आईकडचं.

अशी नावं पुष्कळ आहेत. समीर आपल्याकडे वारा, अरबीत रात्रीच्या गप्पांचा सोबती. कमल आपल्याकडे फूल, अरबीत जवळपास तसाच शब्द परिपूर्णतेला आहे. निकिता आपल्याकडे मुलगी, रशियात मुलगा, सोव्हिएत नेते क्रुश्चेव्ह यांचं नाव तेच होतं. या गमतीजमती ऐकायला बऱ्या वाटतात. पण मुलांच्या बाबतीत हा प्रश्न उभा राहतो तेव्हा तो गमतीचा राहत नाही.

मुलगी पाच वर्षांची असताना एक दिवस बालवाडीतून आली आणि म्हणाली, उद्यापासून मी कुणालाच काका म्हणणार नाही. आदल्या दिवशी माझा मित्र तिला आणायला गेला होता. ही "काका!" म्हणून धावली आणि बाकीची मुलं खिदळली. जर्मन मुलांच्या भाषेत काका म्हणजे शी. आमच्या ओळखीच्या बऱ्याच घरांतून याच कारणाने काका गेलेत आणि 'अंकल' आलेत. मला ते मान्य नव्हतं. काका म्हणजे बाबांच्या बाजूचा माणूस, मामा म्हणजे आईच्या. अंकल या शब्दात ती बाजूच नाही.

मी बालवाडीच्या बाईंशी बोललो. त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलांना गोल बसवलं आणि प्रत्येकाला विचारलं, बाबांच्या भावाला घरी काय म्हणता? जर्मन मुलांनी एकच शब्द सांगितला. तुर्की घरातली मुलं म्हणाली, अमजा. आणि आईच्या भावाला दायी. मावशीला तेयझे, आत्याला हाला. आमची पोरगी ताठ बसून म्हणाली, "आमच्याकडेपण वेगवेगळे असतात." त्या दिवशी ती घरी आली ती मामी शब्द घेऊन, कारण जर्मन मुलं आईलाच मामी म्हणतात आणि ते तिला फार आवडलं होतं. काका आमच्या घरात राहिले.

तिचं नाव मृण्मयी. ती व्हायची होती तेव्हा दोन्ही घरांतून सल्ले येत होते: मीरा ठेवा, माया ठेवा, तारा ठेवा, दोन्हीकडे चालेल असं काहीतरी. ही नावं वाईट नाहीत. पण 'तिकडच्यांना म्हणता यावं' हे एकच कारण असेल, तर आपण मुलीचं नाव तिला अजून न भेटलेल्या लोकांच्या जिभेच्या मापाने शिवतोय. बालवाडीच्या पहिल्या आठवड्यात बाईंनी एका पुठ्ठ्यावर तिचं नाव तीन तुकड्यांत लिहून दारामागे चिकटवलं होतं, शेवटी जर्मन 'योट' (j) घालून, कारण इथे त्या अक्षराचा उच्चार 'य' होतो. येताजाता त्या ते पुटपुटायच्या. शुक्रवारी त्यांना जमलं. चार दिवसांचं काम होतं.

आमच्या मनात आधी किरण होतं. तेव्हा कळलं की याच नावावरून इथे खटला झालेला आहे. एका कुटुंबाने मुलीचं नाव किरण ठेवलं. नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही, तेव्हा जोडीला स्पष्ट मुलीचं दुसरं नाव द्या, असं नोंदणी कचेरीने सांगितलं. प्रकरण थेट जर्मनीच्या घटना न्यायालयापर्यंत गेलं. 5 डिसेंबर 2008 रोजी न्यायालयाने आईवडिलांच्या बाजूने निकाल दिला: नावातून लिंग कळलंच पाहिजे अशी कायद्यात अट नाही, आणि या नावाने मुलीच्या हिताला बाधा येत नाही. आपल्याकडे किरण मोरे यष्टिरक्षक होते आणि किरण बेदी पोलीस अधिकारी होत्या, आणि त्यात कुणाला कधी अडचण वाटली नाही. सूर्याच्या किरणाला कसलं आलंय लिंग!

म्हणून "तिकडे सगळं सुधारलेलं" असं मी ग्रुपवर लिहिणार नाही. 1991 पर्यंत इथे जोडप्याने आडनाव ठरवलं नाही तर कायद्याने नवऱ्याचंच लागायचं. तेही घटना न्यायालयाला काढावं लागलं. नवराबायको दोघांनाही जोडआडनाव लावता येईल, मुलांनाही देता येईल, हा बदल आला 1 मे 2025 ला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, 1 मे 2024 ला, महाराष्ट्रात सरकारी कागदपत्रांवर मुलाच्या नावापुढे आईचं नाव आलं, मग वडिलांचं, मग आडनाव. तेव्हा ग्रुपवर काहींनी लिहिलं होतं की नावं लांबलचक होतील. माझ्या स्पॅनिश सहकाऱ्याच्या दोन आडनावांनी आजवर त्याचं काहीही अडलेलं मी पाहिलं नाही. माझं मात्र अडलं. इथल्या अर्जात मधल्या नावाला जागाच नाही, वडिलांचं नाव लिहिलं तर ते मुलीचं दुसरं नाव ठरतं. म्हणून इथल्या दाखल्यावर ती नुसती मृण्मयी आहे. तिच्या नावापुढे माझंही नाही आणि तिच्या आईचंही नाही, आणि ते मला लागतं.

आपला अर्ज तरी कुठे मोकळा आहे? पुण्यात नोकरीला असताना आमच्यात एक तमिळ मुलगा आला. त्यांच्यात बऱ्याच घरांत आडनाव नसतं, वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावतात. आमच्या कचेरीला आडनाव हवं होतं, म्हणून त्याने वडिलांचं नाव लिहिलं. दोन वर्षं आम्ही त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारत होतो आणि तो ओ देत होता. इथे आल्यावर माझं नाव चुकीचं घेतलं गेलं की मला तो आठवतो. आम्ही त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

भाचीचं म्हणणं मला याच जागी दिसतं. तिला लग्नही करायचंय आणि त्या घरात मनापासून जायचंय. तिथल्या माणसांनी तिला, तिच्या आईने पाळण्यात ठेवलेल्या नावाने हाक मारावी, एवढंच तिचं मागणं आहे. ते नाव मराठीच आहे. मिरजेत ते म्हणायला कुणाला पुठ्ठा चिकटवावा लागणार नाही.

काल मी आईला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग म्हणाली, तिचंही नाव बदललं होतं, लग्नात. मला ते माहीत होतं, पण जुनं नाव मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, तुला कुणी त्या नावाने हाक मारतं का आता? "मारायचा," ती म्हणाली, "तुझा मोठा मामा. तो गेल्यापासून कुणी नाही."