कारखाना बंद पडल्यावर घ्यावयाची काळजी

फाटकावर नोटीस लागली म्हणून लगेच डोकं धरून बसू नका. अशा प्रसंगी काय करायचं, याचा आपल्या सरकारला दांडगा अनुभव आहे. मुंबईच्या गिरणगावात चाळीस वर्षांहून जास्त काळ त्याची प्रात्यक्षिकं चालू आहेत. त्यातून तुमच्या उपयोगाचं तेवढं सांगतो.

आधी कायदा. मोठा कारखाना बंद करायचा तर मालकाला सरकारची परवानगी लागते. अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत सरकारने हो-नाही काहीच कळवलं नाही, तर परवानगी मिळाली असं धरतात. त्यामुळे त्या दोन महिन्यांत मंत्रालयात सामसूम दिसली तर सरकार झोपलंय असा आरोप करू नका. ते काम करतंय. पूर्वी १०० कामगार असले तरी ही परवानगी लागायची, नव्या औद्योगिक संबंध संहितेने तो आकडा ३०० वर नेला. तुम्ही २९९ जण असाल तर सामसुमीचीही गरज नाही. भरपाई म्हणाल तर सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. वीस वर्षं झिजला असाल तर दहा महिन्यांचे पैसे हातात येतील. मुलाचं इंजिनिअरिंग तेवढ्यात आटपेल असं बघा.

आता जमिनीकडे वळू, कारण सरकारही कामाकडून जमिनीकडेच वळतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, म्हणजे कागदोपत्री मंडळी अजून संपावरच असावीत. साचे थांबले, पण खालची सुमारे ६०० एकर जमीन जागेवरच होती. १९९१ च्या नियमाने तिची वाटणी ठरवली: एक हिस्सा महापालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. अगदी घरच्यासारखं. मग २००१ मध्ये एक छोटीशी दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या जमिनीची. विणाईचं साळखातं, कातणखातं, गोदाम जिथे उभं होतं ती जागा वाटणीच्या बाहेर. आता गिरणीच्या आवारात गिरणीच असणार, मोकळी जागा ती किती? उच्च न्यायालयाला हे पटलं नाही, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती कायम ठेवली. तेव्हा पोरांना नोकरीला लावताना पगार विचारू नका, कंपाउंडात क्रिकेट खेळायला जागा आहे का ते बघा. फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. तिथे जायला तुम्हाला कुणी अडवत नाही, फक्त पिशवी तपासून देतात.

कागदपत्रांना मात्र आजच प्लॅस्टिकची पिशवी घाला. लाल पास, तिकीट नंबर, हजेरीपत्रक, पगाराची पावती, फंडाचा नंबर, ईएसआयचा नंबर. गिरणी पाडून तिच्या जागी टॉवर झाला, टाइमकीपर केव्हाच वारला, तरी तुम्ही तिथे राबत होता हे सिद्ध करायची जबाबदारी तुमचीच.

कागद जुळले की सोडत. नोकरी गेल्यावर घराची सोडत का, असं विचारू नका, नोकरीची सोडत अजून निघालेली नाही. म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या घरांसाठी अर्ज आले पावणेदोन लाखांच्या घरात आणि जून २०१२ च्या सोडतीत घरं निघाली ६,९२५. एकेक २२५ चौरस फुटांचं, किंमत साडेसात लाख. (फुकट म्हणालं कोण?) २०१६ च्या सोडतीत पनवेलजवळ कोनला ज्यांना घरं लागली, त्यांनी तर वाट बघण्याची कमाल केली. चाव्या मिळायच्या आधी कोविडचे रुग्ण तिथे राहून गेले, मग दुरुस्ती निघाली, आणि ताबा मिळायला २०२४ उजाडलं. इथे मघाचा तो ६० दिवसांचा नियम लावायचा मोह होईल. आवरा. मालकाच्या अर्जावर सरकार गप्प बसलं तर तो होकार असतो, तुमच्या अर्जावर गप्प बसलं तर तो विचाराधीन असतो.

राहिलेल्यांसाठी आता शेलू-वांगणी आहे. परळचा माणूस कर्जत लोकलने तिथवर जाईपर्यंत एक डुलकी काढू शकतो. नको म्हणायचं असेल तर जपून. मार्च २०२४ च्या शासन निर्णयात १७ वं कलम होतं: इथलं घर नाकारलं, तर घरावरचा हक्कच संपला. २०२५ च्या जुलैत म्हातारी माणसं भर पावसाळ्यात आझाद मैदानात येऊन बसली, तेव्हा कुठे ते काढून टाकण्याचं आश्वासन मिळालं. म्हणजे छत्री आणि गुडघ्याचा पट्टा कागदांच्याच पिशवीत ठेवा.

आणि वारस आत्ताच ठरवून टाका. चार मुलं असतील तर तिघांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं तुमच्या डोळ्यांदेखत करून घ्या. नंतर त्यांना तुमच्या मृत्यूचा दाखला लागेल. तोही मूळ प्रत, झेरॉक्स चालत नाही.