स्वप्नातलं पावशेर तूप

आमच्या आत्याच्या स्वप्नात दर भाद्रपदात आजोबा येतात. बोलत नाहीत, नुसते उंबऱ्यावर उभे राहतात. सकाळी चहा गाळता गाळता आत्या ठरवून टाकते, "अण्णांना अळूवडी हवी असणार." की त्या दिवशी अळूवडी होते. माझ्या स्वप्नात आजोबा एकदाही आलेले नाहीत. मला पन्नाशीतही दहावीचा भूमितीचा पेपर पडतो आणि हॉल तिकीट घरीच राहिलेलं असतं.

तुकोबांना गुरूपदेश मिळाला तोही स्वप्नातच. त्या अभंगात गुरू मस्तकावर हात ठेवतात आणि जेवायला पावशेर तूप मागतात. मला ते तूप फार आवडतं. वाण्याच्या घरातलं स्वप्न, गुरू आले तरी माप चुकत नाही!

पण हे सगळं खरंच स्वप्नात असतं, की सांगताना त्यात शिरतं? 1942 साली अमेरिकेत कॉलेजच्या मुलांना विचारलं, तर सुमारे 70 टक्के म्हणाले, स्वप्नात रंग क्वचित दिसतात किंवा दिसतच नाहीत. साठएक वर्षांनी एरिक श्विट्झगेबेल या तत्त्वज्ञाने तोच प्रश्न विद्यार्थ्यांना विचारला, तेव्हा असं म्हणणारे 20 टक्केही नव्हते. मधल्या काळात सिनेमा आणि टीव्ही रंगीत झाले होते. त्याची शंका अशी, की बदललं ते कदाचित स्वप्न नसेलच, स्वप्नाबद्दलची आपली समजूत बदलली असेल. मला हे पटतं. अर्धवट जाग असताना हाती लागतात चार तुकडे, ते जोडायचा डिंक घरचा असतो. म्हणून तर आपल्याकडे आजोबा दिसले की स्वप्न, आणि देव दिसला की दृष्टांत.

आपल्याकडे रंगीत टीव्ही आला 1982 मध्ये, म्हणून वडिलांना विचारून पाहिलं. म्हणाले, "रंग बघायला वेळ कुणाला? गाडी सुटत असते."

मग आत्याला फोन केला. "अण्णा काय नेसलेले असतात गं?"

"धोतर. पांढरंशुभ्र."

"आणि उंबरा कुठल्या रंगाचा असतो?"

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "जुन्या घराचा उंबरा रे तो. रोज हळदकुंकू वाहायचो आम्ही. पिवळा-लालच असणार."

असणार.