सातचा भोंगा

काल कट्ट्यावर विषय निघाला अण्णाच्या नातीवरून. पोर अडीच वर्षांची. "जाहिरात लागली की कोपऱ्यात बोट धरून बसते, 'स्किप' आलं की दाबते. अजून 'अ' येत नाही!" अण्णा कौतुकाने सांगत होता.

मास्तर तडकले. "ही हुशारी नव्हे, अण्णा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ सालीच सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास."

"आणि २०२० मध्ये पहिलीच्या पोरांचे वर्ग मोबाइलवर कुणी भरवले?" रिक्षावाला भाऊ उसळला. "हप्त्यानं फोन घेतला मी. शाळा परत भरली, फोन घरातच राहिला. गृहपाठ आजही व्हॉट्सॲपवरच येतो."

यावर मास्तर गप्प झाले. भाऊचं खरंच होतं.

मी माझ्या घरचं सांगितलं. मुलगा तीन वर्षांचा. चमचा ओठाला लागला की तोंड उघडतं, नजर गाण्यावर. मध्येच नेट अडकून गोल फिरायला लागलं की तोंड घट्ट बंद. पोट भरलं की नाही, हे त्यालाही कळत नाही अन् आम्हालाही. पण जेवण दहा मिनिटांत उरकतं, म्हणून फोन आम्हीच हातात देतो. त्याने कधी मागितला नव्हता.

"सरकारनं बंदीच घालावी," अण्णा म्हणाला. "ऑस्ट्रेलियात सोळाच्या आतल्यांना सोशल मीडिया बंद केलाय."

"तिथवर कशाला जायचं? आपल्या सांगली जिल्ह्यातलं मोहित्यांचे वडगाव बघा," मास्तर म्हणाले. "२०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजायला लागला. दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. नुसती पोरांची नव्हे, आईबापांचीही मालिका बंद!"

मला त्यातलं हे शेवटचंच महत्त्वाचं वाटतं. बाप रील बघत पोराला "अभ्यास कर" म्हणाला, तर पोर का ऐकेल?

"सातलाच तर माझी भाडी असतात, तीही ॲपवर," भाऊ म्हणाला.

"तुम्ही चालू ठेवा हो. घरात बसलेले ठेवतील बंद."

रात्री मी फोन कपाटावर ठेवला. पोरगा वीस मिनिटं रडला, बायकोही वैतागली. मग हुंदके देतच ताटात बोट घालून त्याने विचारलं, "हे काय?"

शेवग्याची शेंग होती. दर आठवड्याला खातो तो.