खुरासणी पाखरांसाठी विकायची, तर आधी चाळणी बघा

अकोले, सुरगाणा, जव्हारकडच्या वरकस जमिनीत पिकणारी खुरासणी, म्हणजे कारळे, घरात चटणीला लागते आणि बाकीची घाण्यावर जाते. हेच काळं, लांबट बी अमेरिकेत नि इंग्लंडात ‘नायजर’ म्हणून गोल्डफिंचसारख्या इवल्या पाखरांना घालतात. त्यात ३५ ते ४० टक्के तेल असतं, थंडीत पाखरं त्यावर तगतात. शेतकरी कुटुंबांनी या धंद्यात जरूर उतरावं. फक्त ‘पाखरांनाच घालायचंय, कसंही चालेल’ ही समजूत आधी सोडावी.

सगळ्यात मोठा घात अमरवेल करते, म्हणजे पिकाला वेढून त्याचा रस शोषणारं पिवळं तण. तिच्या नि तिच्यासारख्या तणांच्या बियांच्या भीतीनं अमेरिकेत जाणारी खुरासणी १२० अंश सेल्सिअसला सलग १५ मिनिटं तापवावी लागते, तीही मान्यता असलेल्या ठिकाणी. त्यानं तणाचं बी मरतं, पण माती, काडीकचरा नि पोचट दाणे तसेच राहतात. ते आपल्या खळ्यावरच निघाले पाहिजेत. अमरवेल बी धरण्याआधी, तिनं वेढलेल्या झाडासकट उपटून जाळा. मळणीनंतर उफणा आणि दोन चाळण्या लावा. वरची काड्या अडवते. खालच्या बारीक चाळणीतून धूळ आणि अमरवेलीचं बारीक, गोल बी गळतं. धूळ राहिली, तर पावसात पाखरांना दाणे घालायच्या टांगत्या नळीच्या अरुंद फटीत तिचा लगदा होतो, बुरशी धरते.

बोंडं तपकिरी झाली की कापा. सगळीच खडखडीत वाळायची वाट पाहिलीत, तर आधी पिकलेले दाणे शेतातच झडतात. आणि फुलोऱ्यात कीटकनाशक नकोच. खुरासणीचं परागीभवन मधमाश्यांवर चालतं, त्या गेल्या की बोंडं पोचट राहतात.

साठवताना ओलावा आठ टक्क्यांच्या आत ठेवा. ताजेपणा बघायला चिमूटभर बी पांढऱ्या कागदावर नखानं चिरडा. तेलाचा डाग पडला, तर माल चांगला. कोरडी भुकटी झाली, तर पाखरं त्याला चोच लावणार नाहीत.

आपल्याकडच्या चिमण्या, मनोल्यांसाठी मिश्रण करायचं असेल, तर बाजरी आणि राळा घ्या. वजन वाढवायला स्वस्त गहू घालणं आम्हाला साफ नामंजूर आहे. बारीक चोचीची पाखरं तो खाली टाकतात आणि त्यावर उंदीर येतात.

पिशव्या अर्ध्या किंवा एक किलोच्याच करा, त्यावर कापणीचा महिना छापा. गेल्या हंगामातला माल नव्यात मिसळू नका.